विकत घेतले, तरी मुंडकारच!

विकत घेणे हा व्यवहार इतका जुना आणि परिचित आहे की, त्याचा अर्थ कोणी कोणास समजावून सांगत बसत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समई घेतली, कोयता घेतला आणि पैसे मोजले की त्या वस्तूवरील विकणाऱ्याचा अधिकार तेथल्या तेथे संपतो. ती वस्तू आपण घरी ठेवू, शेजाऱ्याला वापरावयास देऊ, मोडली तर डागून घेऊ, नको झाली तर विकू, नाही तर मुलाबाळांसाठी मागे ठेवू. विकणारा रात्री घरात शिरला, समई उचलून घेऊन गेला आणि जाताना उशाशी तिचे पैसे ठेवून गेला, तर त्याला आपण चोरच म्हणू. पैसे परत केले म्हणून साव म्हणणार नाही. हा व्यवहाराचा सरळ अर्थ आज आपल्या डोळ्यांदेखत उलटा होत आहे, आणि तो उलटा होत असताना आपण सारे जण 'मान्य आहे' असे लिहिलेल्या बटणावर बोट ठेवून मोकळे होत आहोत.

१७ जुलै २००९ रोजी अमेरिकेत हेच घडले. ॲमेझॉन ही कंपनी किंडल नावाचे वाचनयंत्र विकते आणि त्यावर वाचावयाची पुस्तकेही विकते. जॉर्ज ऑर्वेल याच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' ह्या दोन कादंबऱ्यांच्या ज्या आवृत्त्या तिच्या दुकानात विकल्या गेल्या होत्या, त्या प्रसिद्ध करण्याचा अमेरिकेतील अधिकार त्या प्रकाशकाकडे नाही, असे कंपनीच्या ध्यानात आले. तिने काय करावे? ग्राहकांच्या हाती गेलेल्या यंत्रांतून तिने त्या कादंबऱ्या दूरवरून पुसून टाकल्या आणि त्यांचे पैसे परत पाठविले. ज्या कादंबरीत सत्ताधाऱ्यांना नकोसे झालेले कागद भिंतीतील विवरात टाकून जाळून टाकण्याचे सरकारी खाते वर्णिले आहे, नेमकी तीच कादंबरी अशा रीतीने नाहीशी व्हावी, हा योगायोग कोणा लेखकाने रचला असता तर टीकाकारांनी त्याला बटबटीत म्हटले असते. एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी पुस्तकावर केलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली. तो न्यायालयात गेला आणि कंपनीने दीड लाख डॉलर देऊन तडजोड केली. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी हे कृत्य मूर्खपणाचे होते, असे जाहीरपणे मान्य करून क्षमा मागितली. काही ठराविक प्रसंग वगळता पुन्हा असे करणार नाही, असेही कंपनीने कबूल केले. ही क्षमायाचना प्रांजळ नव्हती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु क्षमा मागितली गेली ती कृत्याबद्दल. ते कृत्य करण्याचे सामर्थ्य होते तेथेच राहिले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली सारी पुस्तके दुकानाबरोबरच गेली. पैसे परत मिळाले. पुस्तके गेली ती गेलीच. आणि विकत घेतलेले पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून तेथून तारेने वाचनयंत्रात घेण्याची जी सोय ॲमेझॉनने वर्षानुवर्षे ठेवली होती, ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेण्यात आली.

सालाझारच्या राजवटीत ह्या भूमीत छापील अक्षर सेन्सॉरच्या हाताखालून जात असे, हे येथील जुन्या पिढीला निराळे सांगावयास नको. तेव्हाची दडपशाही कठोर होती. पण तिला पायांनी चालत यावे लागे. एखाद्याच्या घरातील पत्रक जप्त करावयाचे तर पोलिसाला गाव शोधावा लागे, दार ठोठवावे लागे, पेटारे उपसावे लागत. तेवढ्या अवधीत कागद तांदळाच्या कणगीत जाई, नाही तर चुलीत जाई. आणि निदान जप्ती झाली हे साऱ्या वाड्याला कळे. आज दार ठोठावले जात नाही. रात्री होते ते सकाळी नसते, आणि शेजाऱ्याच्याही घरातून ते त्याच क्षणी गेलेले असते. आजच्या कंपन्यांना सालाझारच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे काम नफ्याचे आहे. पण कंपनीने नफ्यासाठी उभे केलेले हत्यार उद्या एखाद्या सरकारने हुकूम करून वापरावयास मागितले, तर ते देण्याशिवाय कंपनीला गत्यंतर राहत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ग्राहक आणि कंपनी यांच्यातील ह्या नव्या नात्याला नाव शोधण्यासाठी गोव्याच्या वाचकाने कोशाकडे जाण्याचे कारण नाही. घर मुंडकाराने बांधलेले, भिंती त्याने लिंपलेल्या, अंगणातील तुळस त्याच्या आजीने लावलेली. पण पायाखालची जमीन भाटकाराची. भाटकाराची मर्जी असेल तोवर चूल पेटती. पावसापूर्वी शाकारणी करावयाची झाली, खचलेली भिंत उभी करावयाची झाली, तरी आधी भाटकाराच्या सोप्यापाशी जाऊन उभे राहावयाचे. भाटकार सज्जन असला तर काम होई, आणि सज्जन भाटकार होतेही. परंतु दुसऱ्याच्या सज्जनपणावर ज्याचे छप्पर अवलंबून आहे त्याला स्वस्थ झोप कोठली? म्हणून १९६४ साली कूळ कायदा झाला, १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरविले. घराची डागडुजी करण्याचा आणि ठरावीक जमिनीसह ते घर विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. ह्या कायद्यांच्या अंमलबजावणीत जी रखडपट्टी झाली तिच्यावर लिहावयाचे तर निराळा अग्रलेख लागेल. आज सांगावयाचे ते एवढेच की, खिशात पन्नास हजारांचा फोन बाळगणारा भाटकाराचा नातूही ह्या नव्या अर्थाने मुंडकारच झालेला आहे. यंत्र त्याचे, पैसे त्याचे, त्यातील छायाचित्रे त्याच्या घरची. पण आत कोणते सॉफ्टवेअर चालावे, कोणाकडून दुरुस्ती करावी, विकत घेतलेले पुस्तक किती काळ वाचावे, हे ठरविणारा भाटकार सातासमुद्रांपलीकडे बसलेला.

ही स्थिती कशी आली, याचा इतिहास मनोरंजक आहे. बॉब्स-मेरिल नावाच्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि तिच्या आतील पानावर सूचना छापली की, ह्या पुस्तकाची किंमत एक डॉलर असून त्याहून कमी किमतीस ते विकण्याचा परवाना कोणाही दुकानदारास नाही. मेसी नावाच्या मोठ्या दुकानाने ती सूचना वाचली आणि पुस्तक ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, प्रत एकदा विकली की त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. पानावर परवान्याची भाषा छापल्याने तो निर्माण होत नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने, फिरती वाचनालये, मित्राकडून आणून परत न केलेली कादंबरी, ह्या साऱ्या संस्था ह्याच तत्त्वावर उभ्या आहेत. आमच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही आधीच वितरणात गेलेल्या प्रती लेखकाच्या वितरणाधिकारातून वगळलेल्या आहेत.

जी सूचना १९०८ साली न्यायालयाने केराच्या टोपलीत टाकली, तीच सॉफ्टवेअरच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा उचलून आणली. मात्र ह्या वेळी पानावर न छापता करारात घातली. आम्ही तुम्हांस काही विकत नाही, आम्ही केवळ वापरण्याचा परवाना देतो, असा तो करार. परवाना असल्यामुळे विक्रीचे नियम लागू नाहीत; लागू नसल्यामुळे दुसऱ्याला देण्याचा, विकण्याचा, मागे ठेवण्याचा हक्कही नाही. गंमत अशी की, कर वसूल करावयाचा झाला तेव्हा हीच वस्तू माल ठरली. आंध्र प्रदेश सरकारने तबकड्यांवर विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर विक्रीकर लावला, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यास आव्हान दिले आणि २००४ साली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सॉफ्टवेअर हा मालच आहे, असा निर्वाळा दिला. म्हणजे सरकारला कर देताना ती विक्री, आणि ग्राहकाने हक्क विचारला की तो परवाना! ह्यावर कडी केली ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने. स्वतः विकत घेतलेल्या वस्तूवरील डिजिटल कुलूप उघडणे हाच त्या कायद्याने गुन्हा ठरविला, मग आतील वस्तूचा पुढचा उपयोग कितीही निर्दोष असो. सरकारी सवलतीने दर तीन वर्षांनी काही अपवाद मिळतात, ते मागून घ्यावे लागतात. भारताने २०१२ साली अशीच तरतूद केली. परंतु कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले तरच तो गुन्हा, असे आमच्या कायद्याने शहाणपणाने म्हटले आहे. हा फरक मोलाचा आहे आणि परदेशी व्यापारी करारांच्या वाटाघाटींत तो कोणी हळूच पुसून टाकणार नाही, याकडे आमच्या खासदारांचे लक्ष असावयास हवे.

ह्या प्रश्नाची झळ वाचनालयांना किती लागू शकते, याची कल्पना आपल्याकडे अद्याप फारशी नाही. हार्परकॉलिन्स ह्या प्रकाशनसंस्थेने २०११ साली अमेरिकन वाचनालयांना कळविले की, त्यांना दिलेले इलेक्ट्रॉनिक पुस्तक २६ वेळा वाचकांकडे गेले की त्याचा परवाना संपेल. पुढे हवे असल्यास पुन्हा पैसे भरावे. कागदी पुस्तकही झिजते, असा ह्या नियमाचा बचाव. पण कागदी पुस्तक फाटले तर ग्रंथपाल ते शिवून घेतो, पुन्हा बांधतो. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. सार्वजनिक ग्रंथालयांत भारतातील सर्वांत जुने म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. राजवटी बदलल्या, सरकारी भाषा बदलली, इमारतही बदलली. तरी त्याच्या कपाटांतील जुनी वृत्तपत्रे आणि ग्रंथ आजचा अभ्यासक हाती घेऊ शकतो. कारण ते ग्रंथ ग्रंथालयाचे होते. सव्वीस वाचकांनंतर विरून जाणारे पुस्तक १८३२ पासून आजवर किती वेळा विकत घ्यावे लागले असते, याचा हिशेब शाळकरी मुलानेही करून पाहावा.

आणि दूर अमेरिकेत कशाला जावयाचे? मराठी छापखान्यांत काय घडले ते पाहा. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा प्रत्येक व्यापाऱ्याने आपापल्या टंकासाठी आपापली सांकेतिक लिपी ठरविली. एका टंकातील 'क' दुसऱ्या टंकात भलतेच अक्षर होऊन उमटे. सॉफ्टवेअर चालविण्यासाठी संगणकाच्या मागे एक डोंगल लावावे लागे. ते हरवले वा बिघडले की पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर मुके. त्या काळात जुळविलेला मजकूर आज उघडावयास जावे तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन चिवडा समोर येतो. देवनागरीला सर्वमान्य सांकेतिक स्थान देणारे युनिकोड १९९१ साली निघाले; पण आपल्याकडील छापखान्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्याकडे वळावयास त्यानंतर वर्षानुवर्षे लावली. मधल्या काळातील दिवाळी अंक, स्मरणिका, गावोगावच्या इतिहासाची पुस्तके यांच्या छापील प्रती आहेत म्हणून ती वाचता येतात. ज्यांच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या आणि संगणकातील मजकूर तेवढा उरला, त्यांचे लेखन त्या बंद टंकांच्या कुलपात अडकले आहे. येथे कोणाचा दुष्टावा नव्हता. मजकूर आपला असला तरी तो वाचण्याची किल्ली आपली नाही, ह्या एका दुर्लक्षाची ही किंमत होती. मराठीसारख्या भाषेला ती इंग्रजीपेक्षा अधिक मोजावी लागते, कारण आमचे जुने टंक पुन्हा उघडून देण्यात कोणाही कंपनीला नफा नाही.

पुस्तके आणि अक्षरे हलकी म्हणावीत, तर ट्रॅक्टर आणि आगगाड्या तरी जड आहेत ना? जॉन डिअर ह्या ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपनीने २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला लिहून कळविले की, ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यातील सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही; वाहन चालविण्यापुरता एक गर्भित परवाना त्या वाहनाच्या आयुष्यापर्यंत मिळतो. परिणाम असा की, ऐन सुगीत यंत्र अडले तर शेतकऱ्याला स्वतः अथवा गावच्या मिस्त्रीकडून ते पूर्ण दुरुस्त करता येईना. अधिकृत विक्रेत्याचा माणूस आपला संगणक घेऊन येईपर्यंत पीक शेतात उभे. कोलोराडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने कंपनीवर दावा लावला.

पोलंडमधील प्रकार तर ह्याहून अद्भुत. तेथील लोअर सायलेशिया प्रांताच्या रेल्वेने नेवाग ह्या कंपनीकडून इम्पल्स जातीच्या विजेच्या गाड्या घेतल्या होत्या. दहा लाख किलोमीटर धावल्यावर त्यांची मोठी तपासणी व्हावयाची. ते काम निविदेने दुसऱ्या एका कारखान्याला मिळाले. त्याने गाडी सोडली, तपासली, नियमपुस्तकाप्रमाणे पुन्हा जुळविली. गाडी जागची हलेना. सारे पुर्जे ठीक, संगणक म्हणतो सारे ठीक, तरी गाडी उभी. एकामागून एक गाड्या अशा उभ्या राहू लागल्या तेव्हा कारखान्याने तीन तरुण संगणकतज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी महिनोन्महिने खपून गाडीच्या संगणकातील आज्ञा वाचून काढल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात जे सापडले ते जगासमोर ठेवले. गाडी प्रतिस्पर्धी कारखान्यांच्या आवारात काही दिवस उभी राहिली तर तिने बंद पडावे, अशी आज्ञा तिच्यात असल्याचे त्यांनी सांगितले. कोणता कारखाना, हे उपग्रहांकडून मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशांवरून गाडीने ओळखावयाचे! नेवागने हे आरोप नाकारले आणि उलट ह्या मंडळींनाच न्यायालयात खेचले. निर्णय काय लागावयाचा तो लागो. सामान्य प्रवाशाच्या करातून घेतलेली गाडी कोणाचे ऐकते, हा प्रश्न विचारण्यासाठी तीन तज्ज्ञांना चोरवाटेने आत शिरावे लागले, हीच गोष्ट आम्हांस पुरेशी बोलकी वाटते.

आपल्या देशात दुरुस्ती ही अजून कला आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या ओलाव्याने किनाऱ्यावरील प्रत्येक यंत्र लवकर गंजते. फोन पाण्यात पडतो, पंख्याची गुंडाळी जळते, आणि बाजारातील एका खणाच्या दुकानात बसलेला पोरसवदा कारागीर भिंग डोळ्याला लावून त्यात प्राण आणतो. त्या पोराचा धंदा टिकणे हे ग्राहकाच्या स्वातंत्र्याचे एक अंग आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न दिल्याबद्दल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. कोणती वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचे गुण वेष्टनावर छापावेत, अशी शिफारस दुसऱ्या समितीने २०२५ साली केली. समित्यांचे अहवाल ही आपल्याकडे विपुल पिकणारी वस्तू आहे. मुंडकाराला शाकारणीचा हक्क अहवालाने मिळाला नव्हता, कायद्याने मिळाला होता.

हे सारे ग्राहकापुरते आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने वाडिनारकडे पाहावे. गुजरातच्या किनाऱ्यावरील हा तेलशुद्धीकरण कारखाना नायारा एनर्जी कंपनीचा. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची सुमारे ४९ टक्के भागीदारी आहे म्हणून युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध घातले. निर्बंध युरोपचे, कारखाना भारताचा. परंतु थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीने नायाराची टपालाची आणि इतर सेवा तोडली. पैसे पूर्ण भरलेले असताना आमचाच मजकूर आम्हांस दिसेनासा झाला, अशी तक्रार घेऊन नायारा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली. रशियाशी तेलाचा व्यापार असावा की नसावा, हा वेगळा वाद आहे आणि त्यात प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण भारताच्या संसदेने केला नाही, भारताच्या न्यायालयाने दिला नाही, असा हुकूम भारताच्या भूमीवर एका रात्रीत अमलात आला. ज्यांनी स्वराज्य ह्या शब्दाचा अर्थ तुरुंगात शिकला त्या पिढीला ह्यातील शल्य समजेल. नव्या पिढीने ते तिच्या भाषेत समजून घ्यावे.

आता दुसरी बाजू. कंपन्यांचे म्हणणे असे की, कुलपे नसतील तर चोरी होईल आणि लेखक-कलावंत उपाशी मरतील. यंत्र उघडे ठेवले तर लबाड लोक त्यात शिरतील. ह्यात तथ्य नाही असे नाही. चोरून छापलेल्या पुस्तकांनी मराठी लेखकाचे किती नुकसान केले आहे, हे आम्ही जाणतो, आणि कुलूप काढा याचा अर्थ फुकट वाटा असा घेणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. भाड्याविरुद्धही आमची तक्रार नाही. महिन्याला अमुक रुपये भरून गाणी ऐकावीत आणि भरणे थांबले की ऐकणे थांबावे, हा सरळ व्यवहार आहे, घरभाड्यासारखा. आक्षेप आहे तो भाडे घेऊन त्याला विक्री म्हणण्याला. कॅलिफोर्निया राज्याने हे ओळखले. १ जानेवारी २०२५ पासून तेथे लागू झालेल्या कायद्यानुसार, विक्रेत्याला आपल्याकडचा माल पुढे काढून घेता येत असेल तर त्याने 'विकत घ्या' हा शब्द वापरताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट सांगावे लागते. आमच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. 'विकत घ्या' हे बटण त्या तरतुदीखाली का येऊ नये, हे एखाद्या ग्राहक संघटनेने विचारून पाहण्याजोगे आहे.

भाटकाराच्या जमिनीवरून उठून स्वतःच्या जमिनीवर घर बांधण्याची वाटही काही मंडळींनी घातली आहे. रिचर्ड स्टॉलमन हा अमेरिकेतील एका तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. प्रयोगशाळेत आलेल्या नव्या छपाईयंत्रातील दोष त्याला दूर करावयाचा होता; पण त्यातील सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कंपनीने दिला नव्हता. ह्या क्षुल्लक अडवणुकीने तो असा पेटला की, कोणालाही वाचता यावे, बदलता यावे, पुढे देता यावे असे सॉफ्टवेअर निर्माण करण्याची घोषणा त्याने १९८३ साली केली. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही प्रवाह मिळाले. हे सॉफ्टवेअर हौशी मंडळींपुरते आहे, हा समज केरळने खोटा पाडला. तेथील सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे ह्याच प्रणालीवर संगणक शिकत आली आहेत. केंद्र सरकारनेही २०१५ साली सरकारी कामात अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. स्टॉलमन यांचे सारे आग्रह सर्वांना पटतील असे नाही, आणि त्यांचा स्वभाव तर मुळीच नव्हे. पण त्यांच्या परवान्याखाली दिलेली वस्तू देणाऱ्यालाही परत काढून घेता येत नाही, ही त्यातील कळीची गोष्ट आहे.

घरगुती पातळीवर करावयाचे ते फार अवघड नाही. छायाचित्रे केवळ कंपनीच्या दूरच्या संगणकावर न ठेवता त्यांची एक प्रत घरच्या कपाटात असावी. पुस्तक घेताना कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तर ती घ्यावी, नसेल तर कागदी घ्यावी. मराठी पुस्तक तर कागदीच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने उघडेल अशा स्वरूपात साठवावा. आणखी एका गोष्टीकडे गोव्यातील कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडील नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः दोघांची समाईक असते आणि माणूस गेल्यावर इन्व्हेंटरी होऊन चमचे-भांड्यांपर्यंत वाटणी होते. त्या यादीत गेलेल्याने आयुष्यभर घेतलेली डिजिटल पुस्तके आणि गाणी कोठे लिहावयाची? बहुतेक करार म्हणतात की, परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणजे अर्ध्या पैशांची धनीण असलेल्या विधवेला त्यातील एकही पान मिळण्याची शाश्वती नाही. येथील वकिलांनी हा प्रश्न एकदा न्यायालयापुढे नेला, तर देशाला उपयोगी पडेल असा निर्णय गोव्यातून निघू शकेल.

सार्वजनिक संस्थांची जबाबदारी अर्थातच अधिक. पंचायती, पालिका, सहकारी पतसंस्था, शाळा आणि आमची देवस्थाने यांचे जमाखर्च आज संगणकावर गेले आहेत. महाजनांच्या नामावळ्या, जमिनींच्या नोंदी, उत्सवांचे हिशेब जे पूर्वी लाल बासनांत बांधलेल्या वह्यांत असत, ते आता कोणा तरी व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि वार्षिक वर्गणी थकली तर ते उघडेल की नाही याची चौकशी फारच थोड्या समित्यांनी केली असेल. खरेदीच्या करारात दोन अटी घालून घ्याव्यात: सारा मजकूर केव्हाही, विनामूल्य आणि इतरत्र वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून मिळाला पाहिजे; आणि वर्गणी संपली तरी जुने हिशेब पाहण्यास अडथळा येता कामा नये. येत्या वार्षिक सभेत एखाद्या तरुण महाजनाने उभे राहून ही चौकशी केली, तर अध्यक्षांनी तो विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही म्हणून त्याला खाली बसवू नये.